वेशीबाहेरची गावे आणि पाटणचा हिशेब

शहर वाढते म्हणजे नेमके काय होते, याचा विचार शहरात राहणारा मनुष्य क्वचितच करतो. त्याला नवा रस्ता दिसतो, नव्या इमारती दिसतात, बसगाड्यांच्या पाट्यांवर कालपर्यंत न ऐकलेली नावे दिसू लागतात आणि आपले शहर मोठे झाले या समाधानात तो असतो. परंतु शहर पोकळीत वाढत नसते. ते वाढते ते कोणाच्या तरी शिवारात, कोणाच्या तरी गायरानात, कोणाच्या तरी विहिरीच्या काठावर. वाकड, भोसरी, कोंढवा, घणसोली, कोपरखैरणे ही नावे आज गृहसंकुलांच्या जाहिरातींत झळकतात. ती मुळात स्वतःचे ग्रामदैवत, स्वतःची जत्रा आणि स्वतःचे भांडणतंटे असलेली नांदती गावे होती, याची आठवण त्या जाहिराती वाचणाऱ्यांस राहिलेली नाही. राहण्याचे कारणही नाही, असे काही व्यवहारी लोक म्हणतील. आमचे मत वेगळे आहे, आणि ते सांगण्यास सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे निमित्त झाले आहे.

‘नवीन महाबळेश्वर’ या नावाने एक गिरिस्थान उभारण्याची योजना शासनाने हाती घेतली असून राज्य रस्ते विकास महामंडळाकडे त्या प्रदेशाच्या नियोजनाचे अधिकार सोपविले आहेत. सातारा, जावळी, महाबळेश्वर व पाटण या तालुक्यांतील २३५ गावे आणि सुमारे १,१५३ चौरस किलोमीटर क्षेत्र या योजनेत धरण्यात आले, व २०२४ साली तिचा प्रारूप आराखडा पुढे आला. रस्ते बांधणाऱ्या संस्थेने डोंगरातील खेड्यांचे भवितव्य आखावे, ही गोष्ट आम्हांस थोडी चमत्कारिक वाटते, पण तो मुद्दा येथे गौण आहे. मुख्य मुद्दा असा की, जे भोसरीचे झाले, जे घणसोलीचे झाले, तेच आता कोयनेच्या खोऱ्यात होऊ घातले आहे. फरक एवढाच की येथे कारखान्यांनी वाढलेले शहर स्वतः चालत आलेले नाही. त्या शहरातील पैसा व विश्रांतीची हौस डोंगर चढून आली आहे.

पाटण हे काही कोणत्या महानगराच्या वेशीवरचे गाव नव्हे. कराडहून चिपळूणकडे निघालेला रस्ता विहे, मल्हारपेठ, नवारस्ता अशी गावे घेत सुमारे चाळीस किलोमीटरवर पाटणला येतो आणि पुढे कोयनानगर ओलांडून कुंभार्ली घाटाने कोकणात उतरतो. मग महानगरांच्या वाढीशी पाटणचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो असा आहे की गेल्या साठ वर्षांत महाराष्ट्रातील एकाही उद्योगनगराची वेस पाटणचा हात लागल्यावाचून पुढे सरकलेली नाही.

सन १९६२ चे उदाहरण घ्यावे. ऑगस्ट १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे वसाहत, अंबरनाथ, डोंबिवली, पिंपरी अशी नावे त्यानंतर भराभर औद्योगिक नकाशावर उमटू लागली. याच सुमारास, सह्याद्रीच्या पोटात खोदलेल्या पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून कोयनेची वीज वाहू लागली. या दोन घटना एकाच वेळी घडल्या हा योगायोग नव्हता. कारखान्यास भूखंड लागतो तशी वीज लागते, आणि ती वीज ज्या पाण्यातून आली ते पाणी साठविण्यासाठी कोयनेच्या खोऱ्यातील शंभराच्या घरातील गावे उठली. हजारो कुटुंबे कोणी सांगली-सोलापुराकडे, कोणी रत्नागिरीकडे, कोणी ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याकडे पांगली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्याने केला तो १९७६ साली. म्हणजे धरण पूर्ण होऊन, जलाशय भरून, पिंपरीस कारखान्यांची रांग लागून गेल्यावर, बुडालेल्यांना काही हक्क असतो हे कायद्याने मान्य केले. मध्यंतरी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले व पावणेदोनशेच्या सुमारास माणसे दगावली, हेही याच हिशेबात धरावे लागते.

आज शिवसागर जलाशयाची क्षमता १०५ अब्ज घनफुटांवर आहे. त्यांतील साडेसदुसष्ट अब्ज घनफूट पाणी दर वर्षी पश्चिमेकडे वळवून वीज काढण्याची मुभा पाणीतंट्याच्या निवाड्याने दिलेली आहे. ते पाणी कोकणात उतरून अखेर समुद्रास मिळते, आणि त्याच जलाशयाच्या माथ्यावरील डोंगरवाड्यांतल्या बाया वैशाखात झऱ्यावर रांग लावून बसतात! या विसंगतीवर आजवर पुष्कळ भाषणे झाली आहेत, आणखी एक देण्याची आमची इच्छा नाही. पण पाटणचे देणे पाण्यावर थांबले नाही. तालुक्यातील वनकुसवड्याच्या पठारावर पुढे पवनचक्क्यांचे अरण्य उभे राहिले. पाणी गेले, वारा गेला. माणसे तर त्याच्याही आधीपासून जात होती.

पाटण-जावळीच्या डोंगरकपारीतील वरी-नाचणीच्या शेतीवर संसार चालत नाही, हे तेथील बाप मुलास पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला. मुलगा मुंबईस जाई. लालबाग-परळच्या चाळीत गावकीची खोली असे. एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत, गिरणीत किंवा गोदीत राबत, आणि मनिऑर्डर पाठवीत. मुंबईच्या बंदरातील व बाजारातील ओझी वाहणारा जो माथाडी कामगार, त्यांत पाटण व जावळीच्या माणसांचा भरणा मोठा होता. त्या असंघटित हमालांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे गावचे. १९६९ चा माथाडी कायदा हे त्या चळवळीचे फळ होय. देशात अंगमेहनतीच्या कामगारास असे कायदेशीर संरक्षण देणारे ते पहिल्या पावलांपैकी एक होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक मुके झाले तेव्हा पाटणच्या पुष्कळ घरांना या माथाडीच्या पाटीनेच तगविले.

आणि येथेच या कथेतील सर्वांत मोठी विडंबना आहे. मुंबईचा घाऊक बाजार खाडीपलीकडे वाशी-तुर्भ्यास हलला, त्यासोबत माथाडीही हलला. कोपरखैरणे, घणसोली येथे त्याच्यासाठी वसाहती झाल्या. छोटी छोटी घरे मिळाली, पुढे कुटुंब वाढले तसे त्यावर मजले चढले. ही घरे ज्या जमिनीवर उभी राहिली ती जमीन कोणाची? नवी मुंबईसाठी १९७० साली सिडको स्थापन झाली, आणि ठाणे-बेलापूर-पनवेल-उरण पट्ट्यातील ९५ गावांची शेते, मिठागरे संपादनाखाली आली. आगरी-कोळी समाजाची ती गावे. पुरेशा मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली ती उठली, आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दोन दिवसांत पोलिसांच्या गोळ्यांनी पाच माणसे मारली गेली. त्या रक्तातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण निघाले. म्हणजे एका बाजूस धरणासाठी वा पोटासाठी गाव सोडलेला पाटणकर, दुसऱ्या बाजूस शहरासाठी शेत गमावलेला घणसोलीकर. दोघे एकाच गल्लीच्या दोन अंगांना राहू लागले. एकास वाटे की दुसरा परका येऊन बसला. दुसऱ्यास वाटे की पहिल्यास भूखंड तरी मिळाला, आपणांस काय मिळाले? दोघांचाही हिशेब ज्याच्याशी होता तो मात्र त्या गल्लीत कधी राहावयास आला नाही.

शहराच्या पोटात गेलेल्या गावाचे पुढे काय होते, हे नवी मुंबईच्या गावठाणांत पाहावे. सभोवार आखीव सेक्टर, रुंद रस्ते, उद्याने. मध्ये गावठाणाचे बेट. गावठाणाची हद्द जुन्या मोजणीत जी ठरली ती ठरली. घरात तीन पिढ्यांत माणसे वाढली तरी हद्द वाढली नाही, आणि शेत गेल्यामुळे बाहेर बांधण्यास जागा राहिली नाही. तेव्हा लोकांनी जेथे जमेल तेथे बांधले. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ असे त्यांचे नाव तेथील भाषेत रूढ झाले आहे. या तीन शब्दांत एका पूर्ण नियोजनशास्त्राचा पराभव आहे, असे आम्हांस वाटते. हीच घरे मग ‘अनधिकृत’ ठरतात, आणि आपल्याच गावात राहणारा मनुष्य आपल्या घराच्या कायदेशीरपणासाठी दशकानुदशके सरकारदारी खेटे घालतो. शहरातील सुशिक्षित माणूस गावठाणाच्या अरुंद बोळाकडे पाहून नाक मुरडतो. तो बोळ का अरुंद झाला, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

दोष केवळ सिडकोचा नव्हे. आपल्या कायद्यास गाव कळते आणि शहर कळते. या दोहोंमधली अवस्था त्याला कळत नाही. वास्तविक घटनाकारांच्या पुढील पिढीला ती कळली होती. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामीण अवस्थेतून नागरी अवस्थेत जाणाऱ्या क्षेत्रासाठी नगरपंचायत नावाची स्वतंत्र संस्था सांगितली. परंतु महाराष्ट्राने तिचे काय केले? तालुक्याचे ठिकाण असेल तेथे सरसकट नगरपंचायत केली. पाटणलाही ती मिळाली, ते ठीकच झाले. पण हिंजवडी, जेथे लाखो माणसे रोज संगणकाच्या कचेऱ्यांत येतात-जातात, ती २०२५ साल उजाडले तरी ग्रामपंचायतच होती! जनगणनेचा आकडाही हेच सांगतो. ज्या वस्तीची लोकसंख्या पाच हजारांवर, ज्यातील तीनचतुर्थांश पुरुष कामकरी शेतीबाहेर पोट भरणारे, आणि जी दाट वसलेली, अशा वस्तीस जनगणना शहर मानते, मग कायद्याने तेथे ग्रामपंचायत का असेना. अशी ‘जनगणनेपुरती शहरे’ देशात २००१ साली १,३६२ होती. २०११ साली ३,८९४ झाली. म्हणजे अडीच हजारांवर गावे दहा वर्षांत शहर बनली, आणि त्यांना गटार, नळ, नकाशा देणारी संस्था मात्र ग्रामपंचायतच राहिली.

ज्यांना शहरात घेतले त्यांची गत निराळी नाही. कल्याण-डोंबिवलीची २७ गावे १९८३ साली महापालिकेत आली, २००२ साली बाहेर पडली, २०१५ साली पुन्हा आत आली. पुणे महापालिकेत २०१७ साली अकरा व २०२१ साली तेवीस गावे आली. त्यांपैकी उरुळी देवाची व फुरसुंगी ही दोन गावे, ज्यांच्या माथी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे मारला गेला, ती २०२४ साली पुन्हा वेगळी काढून त्यांची नगरपरिषद करण्याचे ठरले. घरात आलेल्या सुनेस तीनदा माहेरी धाडून तीनदा परत आणावे, तसा हा प्रकार आहे. गाव आत गेले की घरपट्टी शहराची लागते, पाणी मात्र टँकरचे येते. बाहेर आले की पट्टी घटते आणि बांधकाम परवान्याचा दरवाजा दुसऱ्या कोणत्या प्राधिकरणाच्या हाती जातो. दरम्यान जमिनीचे गुंठे पडत राहतात. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहे. त्यास बगल देऊन झालेल्या गुंठेवारीस २००१ च्या कायद्याने माफी दिली, २०२१ साली त्या माफीची मुदत पुढे नेली, आणि २०२५ साली तर नागरी प्रभावक्षेत्रातील तुकड्यांस सूट देण्याचे शासनाने जाहीर केले. नियम आधी आणि माफी मागाहून, असा हा क्रम नसून माफी येणारच हे धरून नियम मोडण्याचा क्रम होय. ज्याने गुंठा विकला तो शेतकरी, ज्याने घेतला तो गिरणीतून वा कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार. मधला दलाल या दोघांच्याही सातबाऱ्यावर कोठे सापडत नाही.

असे असूनही गाव शहरात जाणे हेच मुळी वाईट, असे आमचे म्हणणे नाही. खेड्याचे गोडवे शहरात बसून गाण्याची जी रीत पडली आहे तिचा आम्हांस कंटाळा आहे. ज्या गावात जातीनुसार पाणवठे होते, ज्यातून पोरे पोटासाठी मुंबईस पळत होती, ते गाव जसेच्या तसे टिकावे असा आग्रह कोण धरील? पाटणच्या मुलास नळ हवा, इस्पितळ हवे, चांगली शाळा हवी, आणि त्यासाठी कोपरखैरण्यास जावे लागू नये, हीच त्याची इच्छा आहे आणि ती रास्त आहे. प्रश्न शहरीपणाचा नसून तो कोणाच्या हाताने व कोणाच्या हिशेबाने येतो, हा आहे.

याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. कोयना जेथे कृष्णेस मिळते त्या कराडच्या वेशीवर, महामार्गास लागून, मलकापूर आहे. कराडच्या वाढीचा सारा भार मलकापुरावर पडला. त्यास कराड नगरपालिकेत ओढून घेता आले असते. तसे न होता २००८ च्या सुमारास त्याची नगरपंचायत झाली व पुढे नगरपरिषद. या गावाने मीटर बसवून चोवीस तास नळाचे पाणी देण्याची योजना राबविली, जी मोठमोठ्या महापालिकांना साधलेली नाही. यात चमत्कार काही नव्हता. पाणीपट्टी कोण भरतो आणि पाणी कोणास मिळते, हे दोन्ही त्या गावातच ठरत होते. पुण्याजवळ मगरपट्ट्याचे दुसरे उदाहरण आहे. तेथे सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे चारशे एकर जमीन बिल्डरास न विकता एकत्र केली, आणि तिजवर उभ्या राहिलेल्या नगरात स्वतः भागीदार राहिली. त्याची स्तुती करताना एक गोष्ट मात्र विसरू नये. ती जमीन असलेल्यांची भागीदारी होती. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्या शेतमजुरास अशा योजनेत काय मिळते, याचे उत्तर मगरपट्ट्यानेही दिलेले नाही.

आता या सर्वांच्या उजेडात नवीन महाबळेश्वरकडे पाहावे. पहिली गोष्ट भूमीची. हा प्रदेश भूकंपप्रवण आहे, हे १९६७ ने शिकविले. उतार किती कच्चे आहेत, हे जुलै २०२१ ने शिकविले. त्या एका पावसात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून झोपेतली माणसे गाडली गेली. ज्या उताराने तेथील पिढीजात रहिवाशांच्या घरांना थारा दिला नाही, त्याच्या शेजारी रस्त्यांसाठी डोंगर कापून विश्रामगृहे उभारावयाची असतील, तर आधी प्रत्येक उताराची भूशास्त्रीय तपासणी करून तिचा निष्कर्ष लोकांपुढे ठेवला पाहिजे. याच पट्ट्यात कोयना अभयारण्य आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, जागतिक वारशात गेलेले कासचे पठार आहे. गवत कापण्यास गेलेल्या गावकऱ्यास जेथे वनखाते अडविते, तेथे पाहुण्यांच्या मोटारींस रस्ता मिळणार असेल तर गावकऱ्याने ते निमूट मानावे, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

दुसरी गोष्ट जुन्या कर्जाची. कोयनेच्या विस्थापितांपैकी कित्येकांना जमिनी व नागरी सुविधा मिळाल्या नाहीत म्हणून २०१८ साली, म्हणजे धरणाच्या बांधणीस साठ वर्षे उलटल्यावर, डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली श्रमिक मुक्ती दलास कोयनानगर येथे ठाण मांडून बसावे लागले. आजोबाच्या जमिनीचा निकाल नातवाच्या हयातीत लागत नाही, आणि त्याच नातवाकडे नव्या योजनेसाठी विश्वास मागितला जातो! सावकारसुद्धा जुने खाते मिटविल्याशिवाय नवे उघडत नाही. येथे तर कर्जदार सरकार आहे. नव्या आराखड्यातील एकही भूखंड पर्यटनासाठी राखण्यापूर्वी कोयना विस्थापितांची शिल्लक यादी पुरी करावी, ही मागणी आम्हांस भावनेची नव्हे, साध्या व्यवहाराची वाटते.

तिसरी गोष्ट गावठाणाची. नवी मुंबईने जो धडा रडून शिकला तो पाटणने पुन्हा गिरवू नये. जमिनीचे वापर ठरविण्याच्या आधी प्रत्येक गावाचे व वाडीचे गावठाण पुढील दोन पिढ्यांच्या गरजेनुसार वाढवून द्यावे, त्यात भूमिहीनास घरजागा राखावी, आणि मगच नकाशास रंग भरावेत. जमीन लागेल तेथे ती खरेदीने न घेता भाडेपट्ट्याने घ्यावी, म्हणजे पवनचक्कीच्या पात्यासारखे उत्पन्न डोक्यावरून फिरते आणि खाली काही पडत नाही, अशी स्थिती येणार नाही. परवान्याचे अधिकार मुंबईत बसलेल्या महामंडळाकडे कायमचे न ठेवता खोऱ्यातील गावांच्या एखाद्या संयुक्त नगरपंचायतीकडे ठराविक मुदतीत सोपवावेत. मलकापुरास जे जमले ते मल्हारपेठेस व हेळवाकास जमणार नाही, असे मानण्यास कारण दिसत नाही.

राहता राहिला हरकती व सूचनांचा मार्ग. कायद्याप्रमाणे आराखडा प्रसिद्ध होतो, महिन्याभरात लेखी हरकती मागविल्या जातात आणि सुनावणी होते. हा मार्ग शहरातील सोसायटीच्या चिटणिसास सोयीचा आहे. पाटणच्या डोंगरातील वाडीत बहुधा म्हातारी माणसे व बाया उरल्या आहेत. सातबारा सामाईक, त्यावर आठ-दहा भावकीची नावे, आणि त्यांतील निम्मे खातेदार घणसोलीच्या माथाडी वसाहतीत, कल्याणच्या चाळीत नाहीतर भोसरीच्या भाड्याच्या खोलीत. अशा गावी तलाठ्याच्या फलकावर इंग्रजी मिश्रित नकाशा डकवून ‘हरकत आली नाही’ असा शेरा मारणे अगदी सोपे आहे. म्हणून या आराखड्याचे वाचन मराठीत, गट क्रमांकानिशी, प्रत्येक गावच्या ग्रामसभेत व्हावे. आणि ते चैत्रातील जत्रेच्या किंवा गणपतीच्या दिवसांत ठेवावे, जेव्हा मुंबईकर घरी आलेला असतो. सुनावणी एक पाटणला घ्यावी आणि दुसरी कोपरखैरण्यात, कामगारांच्या सुटीच्या दिवशी. महामंडळाच्या अधिकाऱ्यांस त्यासाठी प्रवासही फारसा पडणार नाही.